देशमुखांच्या दुनळीचा दस्ता

आमचं मूळ आष्टीकडचं. माझा आजा दुष्काळात गाडीवर वाकस, रंधा अन् चार पटाश्या घालून गेवराईच्या अंगाला आला अन् ह्या गावाची सुतारकी धरून राहिला, तवापासून आमी हितलेच. मला बापानं शाळेत घातलं न्हाई, हातात वाकस दिला, म्हणून तर हे तुला लिहायला लावतोय. वाकसानं आमी लाकूड तासतो, पण आमच्या घरात तो देवच, दसऱ्याला पयली हळद त्यालाच. असा वाकस मी एकदा पैजेवर लावला, काय सांगू बायजे तुला, जवानीची मस्ती, दुसरं काय.

तवा राज्य निजामाचं. दोन कोसांवर देशमुखांचं गाव. थोरले देशमुख वारले अन् धाकटे मालक हैदराबादेवरनं कायमचे गावी आले, त्या सालची गोष्ट. मी त्यांच्या ओसरीला चौकट बसवायला गेलतो. तिथं थोरल्यांची दुनळी बंदूक बाजेवर आडवी पडलेली, दोन्ही नळ्या गंजलेल्या, अन् खांद्याला लावायचा लाकडी दस्ता किड्यानं पोखरून मधीच मोडलेला. रानडुकरांनी हरभरा उकरून टाकलाय म्हणून कुणबी रोज गाऱ्हाणं घेऊन यायचे, अन् मालक म्हणत होते, बंदूक हैदराबादेला धाडा, तिथला कारागीर करील. माझ्या तोंडातनं गेलं, मालक, हैदराबादेला कावून धाडता, लाकूडच हाय की ते.

मालकांचा कारभारी हसला. काय बे सुतारा, नांगराचं रुमणं हाय का हे? मी म्हणलं, रुमणं हाताच्या मापाचं लागतं, दस्ता खांद्याच्या, माणूस तर तोच की. न्हाई जमलं तर हा बापाचा वाकस तुमच्या ओट्यावर ठेवीन अन् तुमच्या गावात परत लाकडाला हात लावणार न्हाई. मालक म्हणाले, ठीक हाय, बघू.

आता हे सगळं मी बोललो ते खाली बघून. बलुतेदारानं मालकाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई, पायाकडं बघून बोलायचं, अशी रीत. त्यांचा लाल जोडा मला आजबी दिसतो, उजव्या टाचेला झिजलेला. तोंड म्हणशील तर ध्यानात न्हवतं.

बापानं आढ्याला शिसवाचं एक खोड ठेवलं होतं, बारा वर्षं धुराखाली वाळलेलं, घणासारखं वाजायचं. तेवढं एकच. ते काढलं. मोडका दस्ता समोर ठेवून त्याच्यासारखाच हुबेहूब तासला, वाक तर वाक, उतार तर उतार. नळ्यांचा गंज राख अन् तेलानं घासून काढला. खरं काम पुढं. लोखंड लाकडात असं बसलं पायजे की मधी केस जाऊ नये. त्याला तुझ्या आईनं दिव्यावर वाटी धरून काजळी केली. ती तेलात कालवून लोखंडाला फासायची, लाकडात दाबायची, उचलायची, अन् जिथं काळं उमटलं तिथंच पटाशीनं खरवडायचं. परत फासा, परत दाबा. आठ दिवस असं. तुझी आई म्हणायची, पोरीच्या लग्नात एवढं काजळ लागत न्हाई.

नेऊन दिली. मालकांनी बांधावर मडकं ठेवायला लावलं, बंदूक उचलली. मी रीतीनं जोड्याकडं बघत. गाल टेकवला, परत काढला, परत टेकवला, ते मागनं कळलं. बार झाला. मडकं जागच्या जागी. नळीच्या टोकाला पितळेचा दाणा असतो, त्याला माशी म्हणत, ती माशी डोळ्यापुढं येतच न्हाई म्हणाले. कारभाऱ्यानं ओट्याकडं बोट केलं. ठेव बे वाकस.

मी वाकस कमरेचा काढला. पण मनात आलं, दस्त्यात खोट न्हाई, माझा हात मला ठाऊक हाय, मग हे झालं कसं. म्हणलं, मालक, एक डाव परत खांद्याला लावा, अन् मला तुमच्या तोंडाकडं बघू द्या. कारभारी वराडला, जीभ लई चालती रे तुझी. मालक म्हणाले, बघू दे त्याला.

बघितलं. बंदूक डाव्या खांद्याला. अन् उजव्या डोळ्यात पांढरं फूल, देवी आल्यावर पडतं तसं. मालकांच्या बापाची बंदूक उजव्या खांद्याची, तिचा दस्ता उजव्या अंगाला वळलेला, अन् मी तेच वळण उतरवलं होतं. कारभाऱ्याला म्हणलं, सांगायचं न्हाई व्हय? तो म्हणला, मालकाच्या डोळ्याचं कोण बोलतंय बे. साऱ्या गावाला ठाऊक, अन् एकाच्याबी तोंडातनं शब्द न्हाई.

दुसरं लाकूड न्हवतं. मी म्हणलं, एक दिवस द्या, न्हाई जमलं तर वाकस ओट्यावर. बाप गाडीच्या वाकड्या काठ्या तापवून सरळ करायचा, ते बघितलेलं होतं. घरी येऊन दस्त्याच्या बारीक भागाला चिंध्या गुंडाळल्या, अन् सकाळपासनं जवसाचं तेल कढवून पळीपळीनं वर सोडत बसलो. तेलात कोंबडीचं पीस बुडवून बघायचं, पीस करपलं की तेल जादा तापलं, लाकूड जळंल. तुझी आई पळीनं तेल सोडती अन् म्हणती, जावयाला बी असं न्हाऊ घातलं न्हाई कुणी. दुपारी लाकूड जरा नरमलं. खुंटीला अडकवून धोंडा बांधला डाव्या अंगाला, अन् दोघंबी कान लावून बसलो. कडकन वाजलं असतं तर बापाचं खोडबी गेलं अन् वाकसबी. वाजलं न्हाई. दोन बोटं वळलं, अन् तसंच गार होऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी गाल टेकवला अन् तिथंच राहिले, हलले न्हाईत. मडक्याच्या ठिकऱ्या बांधापलीकडं. दुसऱ्या नळीचा बार काढलाच न्हाई, म्हणाले, हा डुकराला राहू दे. त्या दिवशी मालकांच्या जोड्याकडं कारभारी बघत होता.

तवापासनं कुणाचंबी काम घेतलं की आधी तोंडाकडं बघतो, मग लाकडाकडं. काहींना रुचलं न्हाई, पण काम कुणी परत आणलं न्हाई.

आता माझ्याच डोळ्यांत सारा आलाय, समदं धुरकट दिसतं. मालक गेले, बंदूक त्यांच्या लेकाकडं हाय, दस्ता अजून तसाच हाय म्हणतात. माझं सगळं नीट झालं बायजे, तुमचंबी होईल. लिहून झालं असंल तर ऊठ, कोनाड्यातल्या वाकसाला तेल लाव. जवसाचंच लाव.