सासूबाई पास झाल्या

दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एकाच ऑफिसातल्या दोघी बसल्या होत्या. सुजल्या गालाची मांडीवरच्या लॅपटॉपशी झटत होती.

“आगीच्या ट्रेनिंगचा कोर्स कोणीही करू दे, शेवटचं बटण दाबलं की ‘शाब्बास’च्या पुढे माझ्या सासूबाईंचंच नाव येतंय.”

“त्या कुठून आल्या मध्येच?”

“कोर्स बनवून तपासून बघताना, शिकणाऱ्याचं नाव जिथे भरलं जातं त्या व्हेरिएबलमध्ये मीच घातलं होतं त्यांना.”

“मग काढ की!”

“काढलं गं. पुन्हा उघडलं की त्या आपल्या जागेवर हजर. घरी तरी वेगळं काय होतं?”

“म्हणजे अख्खं ऑफिस...”

“नापास. आग लागली तर काय करायचं, ते एकट्या सासूबाईंना येतं.”

“साहेबांना कळलं?”

“कळलं ना. पास झालेल्यांच्या यादीत सगळीकडे त्यांचंच नाव बघून म्हणाले, एवढी कष्टाळू बाई आपल्याकडे आहे आणि मला पत्ता नाही! सुरक्षाप्रमुख केलंय त्यांना.”

“अगं, खरं काय ते सांगून टाक!”

“सांगणारच होते. त्याआधी सासूबाईंनी होकार कळवला.”

“आता?”

“सोमवारी रुजू होतायत. पहिला हुकूम आलासुद्धा.”

“काय?”

“नावाला हात लावायचा नाही. आणि बटण जरा मोठं कर.”