नाव घातलेली वाटी

न्हाई, ही बी न्हाई. ठिव परत. खोल हाय. किती डाव सांगू त्रिंबक तुला, मला माझ्यासाठी न्हाई पायजे, मांजरासाठी पायजे — हसतो कावून? हस. तुझ्या दुकानात मांजरासाठी वाटी मागनारा मीच पहिला असंल, मालूम हाय मला. सगळ्या घाटनांदुरात मीच पहिला असंल. हसून झालं की वरच्या फळीवरची ती पसरट काढ. ती न्हाई, तिच्या शेजारची, काठ भायेर वळलेली. हां. दे इकडं. — थांब, बोलू नको, बघू दे.

आता तू म्हनशील, हा मन्मथआप्पा वाटीत तोंड घालून काय करतोय. मिशा बघतोय, बे. माझ्या मिशा दोनी काठाला लागल्या म्हंजी मनीच्या बी लागनारच. मांजराला मिशी घासलेली चालत न्हाई. तोंड घालती, मिशी लागली की मागं सरकती, पुन्यांदा घालती, पुन्यांदा सरकती, आन मग माझ्याकडं बघती — मीच काय तिचा गुन्हा केला जसा. हे मला कोनी शिकवलं न्हाई. भुईवर बसून बघितलंय. ह्या वयात गुडघे धरून खाली बसायचं आन मांजराच्या तोंडाकडं बघत ऱ्हायचं! केदारच्या आईनं बघितलं असतं तर पदर तोंडात धरून हसली असती.

वाजू दे. फोनच हाय, साप न्हाई. वाजू दे म्हनलं न. केदारचा असंल, अंबाजोगाईच्या दवाखान्यातून. वाजून वाजून गप हुईल. तू भांडी दाव.

केदारची आई? बरी हाय म्हन. म्हंजी, डाक्टर म्हनतो बरी हाय. पोटाचं आप्रेशन झालं, जे काढायचं ते काढलं, आता म्हनतो खाल्लं पायजे — खाईल तर उठंल, न्हाई तर आमच्या हातात काई न्हाई. सरळ सांगितलं त्यानं. सरळ सांगनारा मानूस मला आवडतो. पर ही खाईना. सून रव्याची पेज म्होरं धरती, तर ही तोंड फिरवती भिताडाकडं. आन इचारती काय? 'मनी जेवली का?' पोरगा समोर हुबा, सून समोर हुबी, त्यांचं काई न्हाई, केदारच्या फोनवरून मला इचारती — मनी जेवली का. मी म्हनलो, न्हाई. जेवली नव्हती म्हनून न्हाई म्हनलो. तर तिनं फोन देऊन टाकला आन पेज बाजूला सारली. मग केदार माझ्यावर खेकसला — आप्पा, 'हो' म्हनायला काय जात हुतं तुमचं?

काय जात हुतं! ऐकतो का त्रिंबक? बापाला म्हनतो काय जात हुतं. आरं, वाटनीच्या वक्ताला सख्ख्या भावाच्या इरोधात बोललो मी पंचात. शेताच्या धुऱ्याचा दगड त्यानं सरकवला हुता, मी म्हनलो सरकवला. भाऊ आजतागायत माझ्या दारात आला न्हाई. येऊ नगं. ह्या जबानीनं खोटं निघालं न्हाई कदी, आन आता मांजरापायी निघनार? — म्हनून उचलीत न्हाई फोन. उचलला की ती इचारनार. हो म्हनता येत न्हाई, आन न्हाई म्हनवत न्हाई. मांजर आधी जेवलं पायजे. मग उचलतो. कळलं आता, मी हितं कावून बसलोय? दे ती थोरली इकडं.

ही हलकी हाय. ही जर्मनच्या, अल्युमिनच्या ताटलीवानी पळंल. पळंल म्हंजी, मांजर चाटतं न, तर ताटली म्होरं म्होरं सरकती. शहाबादी फरशीवर आधी जर्मनचीच ठिवली हुती मी. ती चाटती, ताटली पळती, खडखड वाजती, मांजर भिऊन माळवदावर. मग पितळी काढली, माझ्या आईची. तिची कल्हई उडालेली, ते काय ध्यानात आलं न्हाई माझ्या — बायकांचं काम ते — दही-भाकरी कुस्करून ठिवली, तर समदं कळकलं. दह्याला हिरवी झाक. मनीनं लांबूनच वास घेतला आन मागच्या पायानं माती लोटल्यावानी केलं. झाकून टाक म्हनली हे. मांजरानं अक्कल काढली माझी.

सुनंनं बी आनलंय एक. शिवांजली लई चांगली पोर हाय, मी तिला नावं ठिवीत न्हाई. सासू दवाखान्यात गेली तर रजा काढून आली, घर झाडलं, पुसलं — आन त्या झाडण्यात मनीची जुनी बशी घंटागाडीत गेली. चिनी मातीची हुती. काठाचा टवका उडालेला, मधी तडा. कोनी बी फेकली असती. तिला काय ठाव, मनी जल्मल्यापासून त्यातच खाती. मग तिनंच फोनवरून मागवलं दुसरं. गुलाबी पलाष्टिकचं, मासळीच्या आकाराचं. आमच्या घरात कांदा-लसूण बी इचारून पडतो, आन भुईवर मासळी! जोडभांडं हाय ते — एका बाजूला खानं, एका बाजूला पानी. इथंच चुकलं. पानी खान्याशेजारी ठिवलं की मांजर पीत न्हाई. केदारची आई पानी लांब ठिवायची, पार रांजनाच्या पलीकडं. मी एकदा इचारलं, कावून गं, तर म्हनली, 'तिला जेवताना पानी आवडत न्हाई.' मी म्हनलो, म्हैसूरची रानी हाय का. तिनं उठून पानी भरलं. बोलत न्हाई ती फार. आन पलाष्टिकला वास येतो, कितीबी घासा. मी घासलं. राखुंडीनं घासलं, लिंबानं घासलं. येतोच.

ही. ही बेस हाय. बूड जाड, काठ भायेर, मिशा लागत न्हाईत. वाजवून बघ — हां, आवाज बी मऊ हाय. खान्याला ही. आन पान्याला तसलीच थोरली, काठोकाठ भरता आली पायजे. अर्धं भरलं की तिला पानी दिसत न्हाई, पंजा घालून बघती, मग पंजाच चाटीत बसती. बांध दोनी.

नाव? — घाल. न्हाई, हसू नको, मांजराच्या वाटीवर नाव घालायचंच हाय. कावून ते ऐक. बशीवर नाव नव्हतं म्हनून ती गेली. नाव असलेलं भांडं कोनी फेकत न्हाई. गळकं झालं, चेपलं, तरी माळ्यावर टाकतील पर फेकनार न्हाईत. लग्नात, परसंगात हिकडचं तिकडं झालं तर लोक आनून देतेत. घाल नाव.

कुनाचं म्हंजी? तिचंच की. केदारच्या आईचं. आरं, उमर गेली तुझ्या दुकानातून भांडी नेन्यात, आमच्या घरातल्या समद्या भांड्यावर तुझ्याच मशिनीचे ठिपके हायेत, आन मलाच इचारतो नाव काय? मी घेत न्हाई नाव. आमच्या घरात बायकूचं नाव घ्यायची आदत न्हाई. मला पानी पायजे असलं की मी मनीला हाक मारतो — 'मने, पानी आन.' येतं पानी. मांजर तर आनीत न्हाई न? — हस, हस. तिला वाचता येत न्हाई, तुला ठाव न्हाई हे. ती बोट फिरवती ठिपक्यावरून. अंधारात बी सांगती, हे आपलं, हे शेजारच्या कौशल्याबाईचं. म्हनून खोल घाल. बोटाला लागलं पायजे.

चालव मशीन. मी बोलतो, तुझं काम चालू दे. — हे तांबे कुनाचे मांडलेत एवढे? छबुबाईचे. गेली न ती. पोरानं परसादाबरुबर वाटायला केले असतील. बरं केलं. — काय? मोठ्यानं बोल, मशिनीत ऐकू येत न्हाई. — तेच सांगतो, कालपासून पार पडूनच हाय ती. चुलीम्होरच्या पोत्यावर. डोळे मिटून. तोंडाशी धरलं तरी घेत न्हाई, हाक मारली तर कान हालवीत न्हाई. सकाळी हात लावला तर अंग गार. मला वाटलं, गेली. गेलीच ती म्हनलं मी, आता काय तोंड दावू —

थांब.

थांबव ती मशीन. थांबव म्हनतो न!

हे काय घातलंस? दे. उजेडात दे. मी दुसरीच शिकलेलो हाय पर हे अक्षर मला वळकू येतं. 'लिं.' हाय हे. नावाआधी 'लिं.' घातलंस तू. लिंगैक्य! हे आमच्यात कवा लागतं ठाव हाय न तुला? मानूस मातीत घातल्यावर लागतं. तिला मातीत घातली तू, त्रिंबक? तिकडं ती खाटंवर बसून मांजराचं इचारतीय, आन तू हितं —

मी म्हनलो? 'गेली' म्हनलो? मांजराचं बोलत हुतो मी, बे! चुलीम्होरच्या पोत्यावर मांजर निजतं, बायकू निजती का? कान मांजर हालवतं! आन गेलं न्हाई ते बी, ऊन लागल्यावर उठलं, अंग झाडलं. 'ती' म्हंजी मनी. आन 'ती' म्हंजी — ती. एवढं कळाया नगं? — न्हाई, हात वळनी पडला म्हनू नको. छबुबाईच्या तांब्यांवर 'लिं.' घालून घालून हात वळनी पडला म्हनं. तुझा हात वळनी पडतो आन माझं —

पूस ते. … पुसत न्हाई? कसं पुसत न्हाई? हातोडीनं सपाट कर. … हां. ठिपके हायेत. आत गेलेत. मीच म्हनलो, खोल घाल.

पानी नको. बसू दे जरासं. फॅन चालू कर. — न्हाई, तुझ्यावर राग न्हाई. म्हंजी हाय. पर मी नाव घेऊन बोललो असतो तर तुझा घोळ झाला नसता, हे बी खरं. ती-ती करीत बसलो. खरं ते खरं.

वाजतोय. … ऐकू येतंय मला. … न्हाई, तू नको उचलू. सार तो तांब्या बाजूला, वाजंल मधीच. गप बस. चूं करू नको.

हां. — हां, मीच हाय. कुठं हुतो म्हंजी, बाजारात. — दे तिला. दे म्हनतो न.

हां. …

जेवली. …

हो. … आत्ताच. … समदं. दही-भाकरी. वाटी चाटून पुसून ठिवली, धुवायचं काम न्हाई. … न्हाई, ती बशी न्हाई. नवी हाय. त्रिंबकाच्या दुकानातली. पसरट हाय, मिशा लागत न्हाईत. … पानी लांबच ठिवलंय, रांजनापल्याड. … तुझं नाव घातलंय. … नुस्तं नाव. दुसरं काय असनार? आल्यावर बोट फिरवून बघ. … आता तू घे. पेज घे. … घे म्हनतो न. …

घे, शिवम्मा.

…

हां. केदारला दे. — घेती का? … किती? … एक चमचा तर एक. बघत काय बसलास, दुसरा धर. ठिव आता.

काय बघतो, त्रिंबक? खोटं बोलताना मानूस बघितला न्हाई कदी? बघ. नीट बघून घे, पुन्यांदा दिसनार न्हाई. आन भायेर बोललास तर पंच बोलावीन. — डोळ्यात काई न्हाई, तुझ्या फॅनची धूळ हाय. पुसत जा कदी.

ऊठ, तसलीच दुसरी काढ. हात उचल जरा, मला घरी जायचंय. ते खोटं दिवस मावळायच्या आत खरं करायचंय मला. नाव घाल — नावाआधी काई लावू नको. नाव ऐकलंस न मघाशी? मग मला पुन्यांदा म्हनायला लावू नको.

ही? ही कावून मोडीत टाकतो? मी काय म्हनलो तुला, नाव पडलेलं भांडं कोनी फेकत न्हाई. अर्धंच पडलंय तर पुरं कर. 'लिं.'च्या म्होरं माझं घाल. मन्मथ. — घाल म्हनतो न. घाल आन ठिव त्या वरच्या फळीवर, कोपऱ्यात. लागंल तवा केदार येऊन नेईल.

तोंड मिट. चालव मशीन.