मंगलाक्कानं मॅडमला सांगितलं ते

मी कांता, मूळची परांड्याकडली, लग्न झालं आन थेरगावात आले, मालक चाकणला कंपनीत कंत्राटावर, मी घरी मशिनीवर कामगारांचे एप्रन शिवते. मशीन घेतली कर्जावर, आमच्या बायांच्या गटातनं, गटाची प्रमुख मंगलाक्का, डांगे चौकात भाजी विकते. काय सांगू तुम्हाला ताई, तिच्यासारखी बाई मी पाह्यली न्हाई. नियम असा की हप्ता दर सोमवारी, आन एकीनं न्हाई भरला तर बाकीच्यांनी भरायचा. आता आमच्या घरात पैसा येतो महिन्यातनं एकदा, पगार झाला की, एप्रनचे पैसेबी ठेकेदार महिन्यानंच देतो, मग दोन सोमवार निभायचे, तिसऱ्याला तोंड लपवायची पाळी. मंगलाक्का आपल्या गल्ल्यातनं माझा हप्ता भरायची, एका शब्दानं बोलायची न्हाई.

मग एकदा परदेशातल्या मोठ्या बँकेची मॅडम आली, आमच्या गटाला कर्ज देणाऱ्या संस्थेला पैसा तिथनंच येतो म्हणे, नियमबी तिकडच्याच विचारानं बसवलेले. संस्थेचा वसुलीवाला साहेब आदल्या दिवशी सांगून गेला, चांगलंच बोला. आमी बोललो, कर्जानं भलं झालं, आन ते खोटं न्हाईच, मशीन आलीच की. मंगलाक्काची पाळी आली तर ती म्हणाली, मॅडम, माझा रोजचा गल्ला हाय, मला सोमवार जड न्हाई, पण या कांताच्या घरी पगार महिन्याला, हिनं दर सोमवारी कुठनं आणायचं. दुभाषी पोरगी साहेबाकडं बघत थोडकंच बोलली, तर मंगलाक्का म्हणाली, पोरी, सगळं सांग. मला भ्या वाटलं, आता पुढलं कर्ज बंद.

मॅडमनं लिहायचं थांबवलं. म्हणाली, हा नियम दुसऱ्या देशातल्या खेड्यांत बसवला, तिथल्या बाया रोज बाजारात विकायच्या, तिथं चालला म्हणून सगळीकडं नेला, पगारावरच्या घरांचा विचार आमी केला न्हाई. एवढी शिकलेली बाई, पण चार बायांसमोर कबूल केलं, मला त्याचं लई वाटलं.

लगेच काय झालं न्हाई, उलट मंगलाक्काचंच पुढलं कर्ज अडकलं, तिनं व्यापाऱ्याकडनं उधार माल उचलून दिवस काढले. दिवाळी झाल्यावर संस्थेचा कागद आला, पगारावरच्या घरांना हप्ता महिन्याला. मी पळत चौकात गेले, ती मेथीच्या जुड्या बांधत व्हती, म्हणाली, बरं झालं कांता, आता घरी जा, शिलाई पडली असंल.

आता मशीन फिटली, दुसरीबी घेतली. जामीन मात्र अजून आमीच एकमेकींना, ते काय बदललं न्हाई, बदलंल तवा बदलंल. मंगलाक्काचे गुडघे धरलेत, तरी भाजी घेऊन बसते. देवानं तिला धडधाकट ठेवावं, दुसरं काय मागू.