बाळाची मांडी

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाले होते, तिथूनच हे सारं सुरू झालं, नाहीतर तोवर माझं बरं चाललं होतं… म्हणजे बरं काय, भूक लागत होती अन् सासूबाई वाढत नव्हत्या, पण आमच्या सिहोऱ्याकडे पोटुशी बाईचं असंच राहते ना! बाई जास्त जेवली का बाळ मोठं होते, बाळ मोठं झालं का अडते, अन् अडलं का पोट फाडते. म्हणून एक वाटी भात. चहूकडे धानाच्या बांध्या, अन् मले एक वाटी! आता मी कोणाचं ऐकू, तुम्हीच सांगा.

तर तेव्हा मी भंडाऱ्याले सोनोग्राफीच्या टेबलावर, पोटावर थंडगार जेली, अन् डोक्याशी आमच्या वच्छलाबाई, म्हणजे सासूबाई. डॉक्टरीणबाईचं काहीतरी संशोधन चालू होतं. बाळ पोटात असतानाच त्याच्या मांडीची चरबी मोजायची, जन्मल्यावर अंगावर किती राहील ते आधीच सांगायचं, अन् मग जन्मल्यावर पुन्हा मोजून पाहायचं. म्हणजे निकाल आधी अन् परीक्षा मागून! सासूबाई पुटपुटल्या, "पोरगा का पोरगी ते सांगत नाही, अन् मांडी सांगते." डॉक्टरीणबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "बाळाच्या अंगावर चरबी कमी दिसते. पोटभर जेवत जा."

माझी नणंद भावना, तिची पोरगी अशीच काडीवानी जन्मली होती. काचेच्या पेटीत ठेवली होती, अन् भावना बाहेरून काचेवर हात ठेवून… जाऊ द्या. जगली ती, आता शाळेत जाते. पण मी ती काच पाहिली आहे. अन् सासूबाई काय म्हणतात? पोरगी बारीक होती म्हणूनच भावना सुटली! त्यांची बहीण रुखमा बाळंतपणात अडली अन् तिथंच गेली, म्हणून त्यांचंही भेव खोटं नाही. इकडे काच, तिकडे रुखमामावशी… आता मी कोणाचं ऐकू, तुम्हीच सांगा.

घरी आल्याबरोबर सासूबाईंच्या हातानं भाताचा गंज, म्हणजे पातेलं, वरच्या फळीवर गेला. मग नवरा, वीरेंद्र, वरठीच्या प्लांटातून आला का डब्यातल्या दोन पोळ्या गुपचूप माझ्या हातात, "आईले सांगू नको." मामंजी केशवराव, त्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नाही, ते गोठ्याकडं बोलावून गूळ-शेंगदाण्याची पुडी ठेवतात, अन् बैलाशी बोलल्यावानी म्हणतात, "घरात सांगायचं काम नाही." शेजारच्या कुंताबाई भिंतीवरून उकडलेलं अंडं देतात. अन् एक दिवस सारे बांधीत गेल्यावर कोण? सासूबाई! ताट, भात, वरून तूप. "खा लवकर. अन् कोणाले सांगू नको, म्हणतील वच्छलाच्या बोलण्याले काही वजनच नाही."

म्हणजे पाहा, मी दिवसभर जेवून राहिली होती अन् जेवणाच्या वेळी साऱ्यांच्या समोर एक वाटी घेऊन उपाशी बसून राहिली होती. अन् चौघंही, कुंताबाई भिंतीवरून, माझ्याकडं अशा दयेनं पाहात, का मलेच रडू येत होतं.

पुढच्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाई खूश, मांडी छान भरली म्हणाल्या. अन् गुड्डी झाली तीही न अडता, हातापायाले वळ्या घेऊन. सासूबाईंनी पहिले मले पाहिलं, मग तिले, अन् पदर तोंडाले लावला. वाटलं, सुटली बाई मी! तेवढ्यात डॉक्टरीणबाई टेप घेऊन आल्या. झालं. सासूबाईंनी गुड्डीच्या मांडीवर काजळाचं बोट ओढलं, अन् तिले दुपट्यात गुंडाळलं. "भरल्या अंगाले टेप नाही लावत बाई, नजर लागते." डॉक्टरीणबाई काकुळतीले आल्या, "अहो, पण माझा अंदाज बरोबर निघाला का ते तर कळू द्या!" सासूबाई म्हणाल्या, "निघाला ना. पहिला जो सांगितला होता, तोच. अशक्त आहे पोरगी." दुपट्यातून गुड्डीचा दंड बाहेर आला होता, त्याच्या वळ्यांकडं डॉक्टरीणबाईनं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. आता मी कोणाचं ऐकू, तुम्हीच सांगा!

तर तुमच्यावर एक काम. जिथं जाल तिथं सांगून द्या, सिहोऱ्याची गुड्डी लय अशक्त आहे, मांडी पाहाले कोणी येऊ नका. अन् जिले दिवस गेले असतील तिले हळूच सांगा, पोटभर जेव बाई. फक्त मी सांगितलं म्हणून सांगू नका… साऱ्यांसमोर माझी वाटी अजून एकच आहे.