तिवराच्या मुळांवर

मी रोझी, रेवदंड्याच्या खाडीकडच्या क्रिस्तांव वाडीतली, बाप होडीवर, आय सुकटाची टोपली घेऊन गावोगाव, आनि लग्न झाल्यावर मीपन तेच केलं. शाळा चौथीपर्यंत, पन प्रार्थना सगळ्या तोंडपाठ. मग माझा नवरा पास्कल होडीवरून पडून गेला, आनि तवापासून मी चर्चची पायरी चढले न्हाय. फादर घरी आले, मी म्हनलं, तुमच्या देवानं त्याला का नेलं ते सांगा, मग येते.

सासूबायचं उलटं. लेक गेला तरी तिची जपमाळ सुटली न्हाय. दुसऱ्या वर्सी पास्कलच्या नावाची मिसा, म्हंजे चर्चातली प्रार्थना होती, पलीकडच्या गावात, तर म्हनाली, खाडीच्या कडेनं चालत जाऊ, ओहोटी हाय. मी नुसती तिला पोचवायला निघाले. काय सांगू तुम्हाला, बगळा दिसला की थांबायची, कुर्ली बिळात शिरली की थांबायची, म्हनायची, बघ, हिलापन त्यानंच घर दिलंय. मी म्हनलं, मग माझं घर कुनी मोडलं? आनि त्या रागात मी पान्याकडं बघितलंच न्हाय, भरती लागली होती.

जवळची वाट म्हनून चिखलातून गेलो नि तिचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. तो ओढायला गेली तर दुसरा रुतला. पानी तिच्या मांडीला लागलं. मी हाका मारल्या, कोन न्हाय, नुसती तिवरं. ती म्हनाली, रोझे, तू जा, तुला दोन पोरी हायत. मी ओरडले, गप बस.

तिवराच्या मुळ्या चिखलातून वर आलेल्या असतात, बोटासारख्या, आमची आय सांगायची की झाड त्यातनं श्वास घेतं. सासूबाय म्हनाली, त्यांच्यावर उभी रहा, खाली मुळांचं जाळं हाय, ते धरतं. मी साडी सोडली, एक टोक खोडाला, दुसरं तिच्या काखेतनं, आनि ओढत रायले, हात सोलले, पानी तिच्या छातीला आलं. एकपन पाठ केलेली प्रार्थना आठवली न्हाय. तोंडातनं आलं ते एवढंच, बापा, ही न्हाय, हिला मी देनार न्हाय तुला, ऐकतोस का!

तिचे पाय सुटले. मुळ्या धरत धरत दोघी कडेच्या बांधावर येऊन पडलो, धापा टाकत. खाली मुळ्या एकेक करून पान्याखाली जात होत्या. मी म्हनलं, मी देवाला ओरडले, आता पाप लागंल का? सासूबाय म्हनाली, येसूपन क्रुसावरून असाच ओरडला होता, मला का टाकलंस म्हनून. दोन वर्सांनी त्याच्याशी बोललीस, रागानं का व्हयना.

ओली साडी परत गुंडाळली नि तशाच चिखलानं मिसेला गेलो. मी शेवटच्या बाकावर बसले, मिसा संपेपर्यंत उठून गेले न्हाय.

आता सासूबाय बिछान्यावर हाय, मला कधी ओळखते, कधी न्हाय. पास्कल का गेला, त्याचं उत्तर मला अजून मिळालं न्हाय. रविवारी चर्चात जाऊन देवाला विचारते मात्र, सगळे गेल्यावर, मोठ्यानं. तुमचंपन कुनी पान्यावर असंल तर त्याला देव सुखरूप घरी आनो, बाबा.