टाकीत सोडलेला कंदील

मंडळी, टाळ जरा थांबवा, कीर्तन ऐका! ज्याने कुणाचं वाईट केलं नाही, ज्याने काहीच केलं नाही, त्याला पाप लागतं का? माना काय हलवता? आधी ऐका तरी!

शेंगतेलाचा एक कारखाना. दोन पुरुष खोल लोखंडी टाकी. तेल उपसून झालेलं, आत उतरून तळ खरवडायचा होता. बोलावलं कुणाला? विहिरी खोदणाऱ्या दुर्गाप्पाला! आणि वर दोर धरायला कोण? त्याची बायको, यल्लव्वा. अहो, त्या दोराला तिचा अख्खा संसार लटकलेला!

दुर्गाप्पाने आत पाय टाकला, तोच ती ओरडली, "थांबा! आमच्यात कंदील उतरल्याबिगर मानूस उतरत न्हाई!"

कारखान्याचा साहेब हसला. तळपायाची आग मस्तकात जाते हो माझ्या! म्हणतो कसा, "बाई, ही विहीर नव्हे. तेल खवट होऊ नये म्हणून आत नायट्रोजन सोडलाय. रंग नाही, वास नाही, विष नाही. तू श्वास घेतेस ना, त्या हवेत पाचातले चार भाग तोच असतो!"

खरं बोलला! अक्षर न् अक्षर खरं! पण ज्यावर जीव जगतो तो पाचवा भाग? तो आत उरलाय का, हे कुणी बघायचं?

यल्लव्वाने पेटता कंदील सोडला. एक हात... दोन हात... विझला! वर ओढला, पेटवला, सोडला — पुन्हा विझला! नायट्रोजन स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जळू देत नाही. मारायला धावत नाही हो, नुसता जागा अडवून बसतो! आणि माणूस? ठसकासुद्धा न लागता दोन-चार श्वासांत आडवा!

दुर्गाप्पाने आत टाकलेला पाय मागे घेतला. यल्लव्वाने दोर साहेबापुढे धरला. "साहेब, विष न्हाई ना? मग उतरा तुमीच!" साहेब दोन पावलं मागे!

मग ती वळली भीमरावाकडे. वीस वर्षं त्या वायूचा नळ सोडणारा माणूस, मुकाट बाजूला उभा.

"दादा, तुमाला ठावं हुतं?"

"होतं... पण वहिनी, मी काही केलं नाही."

"तेच तर म्हंते मी! काय बी केलं न्हाई तुमी!"

का हो, आता सांगा, पाप लागतं का? मागच्या सोमवारी या देवळामागच्या बंद गटारात, आतली हवा न तपासताच, माणूस उतरला. तुम्ही नाकाला रुमाल लावून पुढे गेलात. मीही गेलो! लाज वाटते सांगायला! उद्या सकाळी तो पुन्हा उतरणार आहे. त्याला अडवायला माझ्याबरोबर कोण येतंय? टाळ खाली ठेवा — आणि हात वर करा!