वरच्या ओळीतल्या राण्या

—नाही, मधमाश्यांच्या पेटीला हात लावायचा नाही, डॅरिल, आधी माझ्याशी बोलायचं. हंगामापुरतं कामाला ठेवलंय तुला, मालक नाही केलेलं. काल संध्याकाळी शेडमध्ये काय करत होतास? खोटं बोलू नकोस, स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसतं मला. बरं, सगळं नाही — पण दिवा लागला एवढं दिसतं.

तू बोटीतून उतरलास ना, त्याच दिवशी मी तुझी पिशवी तपासली — हो, तपासली, आ कशाला वासतोस? बाहेरचा मध, बाहेरची माशी या बेटावर आणायची नाही, कायदा आहे तसा. पिशवीत काही सापडलं नाही, तेव्हा तर जास्तच संशय आला. त्या शेजारच्या क्लिफर्डनंच पाठवलंय तुला, दुसरं कोण! रोज कुंपणावर रेलून म्हणतो, ‘नोरीन, पुरे की आता, विश्रांती घे.’ विश्रांती म्हणे! माझी ही म्हातारी राणीमाशी हवीय मेल्याला. हा तिचा शेवटचा वसंत. यंदा तिच्या लेकी निघाल्या नाहीत तर माझ्या सासऱ्यानं जपलेला अख्खा वंश संपला — हे पक्कं ठाऊक आहे त्याला.

आणि तू आल्यापासूनच बिघडलंय ना सगळं? त्याआधी कधी असं — बरं, गेल्या वर्षीही थोडं झालं होतं, पण थोडंच. अरे, जन्मभर हेच करतेय मी! म्हातारीच्या पोळ्यातली कोवळी अळी सुईनं उचलायची, मेणाच्या वाटीत ठेवायची, वाट्यांची ओळ बिनराणीच्या पेटीत सोडायची. पुढचं माश्या बघतात, अळीला खाऊ घालून राणी करतात. आणि हल्ली सकाळी बघावं तर वाट्या रिकाम्या, चाटूनपुसून साफ! तुझ्या त्या लिंबाच्या साबणाचा वास येत असणार त्यांना. नाहीतर हा दिवाच मेला मंद आहे, दोनदा बदलला मी. आणि किंग्जकोटचा चष्मेवाला तर एक नंबरचा लुच्चा — म्हणतो, ‘बाई, आता नंबर वाढवून उपयोग नाही.’ मग चष्मा विकलास कशाला रे?

पण हे बघ, आजची ही वाट्यांची चौकट! वरची ओळ बघ — एकूण एक वाटीचा काठ वर आलाय, बोटाला लागतोय. अळ्या आपल्या म्हणून घेतल्या माश्यांनी, मेण चढवलं! आहे ना हात अजून शाबूत? जा, सांग तुझ्या क्लिफर्डला. आणि खालची ओळ रिकामी, ती काल तू इथं घुसून बिघडवलीस. हसतोस काय? हसत नाहीस? मग खाली मान घालून काय बघतोस?

थांब. काल मी एकच ओळ भरली होती. पाठ भरून आली म्हणून एकच. खालची.

मग वरची कुणी —

नको, बोलू नकोस. ही वाटी बघ, आत्ता तुझ्यादेखत भरली मी. आहे ना अळी आत? नीट बघ, दिव्याखाली धर. अजून बघतोयस? असलेली अळी दिसायला इतका वेळ लागतो होय रे?

ठेव ती. कित्येक दिवस हीच भीती वाटत होती मला, कुणाला सांगणार? ऊठ, ही माझी खुर्ची घे, उजेडातली. आणि क्लिफर्डला यातलं अक्षर जरी कळलं ना, तर पुढच्या बोटीत घालीन तुला. माझ्याकडे बघू नकोस असा. भर खालची ओळ.